मोकळ्या माशाचं पान

"त्या वाचणाऱ्या बाईला कुणीतरी सांगा, शर्यत नाही ही," इलिदियो माझ्या कानाशी घोगऱ्या आवाजात पुटपुटला.

"तू गप्प बस. आहे तेवढा घसा जपून ठेव."

न्यू बेडफर्डच्या आमच्या ग्रंथालयात दर जानेवारीत ती देवमाशाची जाडजूड कादंबरी अख्खी मोठ्याने वाचतात. प्रत्येकाला दहा मिनिटं. घंटा वाजली की परिच्छेद संपवून उठायचं. कुणाला कुठलं पान मिळेल, ते आधीच्यांच्या वेगावर.

माझ्या नवऱ्याला, इलिदियोला, एकच पान हवं होतं. खलाशांचा नियम असा, की दोर अडकवलेला मासा दोरवाल्याचा आणि मोकळा मासा हाती लागेल त्याचा. त्या पानावर लेखक हाच नियम देशांना लावतो: मोकळा देश बळकावेल त्याचा. इतिहासाच्या तासाला इलिदियोने जन्मभर हे पान शिकवलं. पोरं जांभया द्यायची. घरी बटाटे सोलताना मी ऐकायची. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? पण सोमवारी डॉक्टर त्याचं स्वरयंत्र काढणार होते.

त्याची पाळी आली. तो हळू वाचत होता, मधे पाणी पीत होता. आता ते पान येणार, एवढ्यात घंटा वाजली.

"वाचा सर," घंटेपाशी बसलेली डॉर्कस हळूच म्हणाली. "माझं घड्याळ जरा पुढेच आहे."

त्याने मान हलवली. "पुढचं पान पुढच्या वाचणारीचं आहे. तेही बळकावू? मग शिकवलं काय आयुष्यभर?"

तो माझ्याशेजारी येऊन बसला. मला त्याचा रागच आला.

पुढची कातारिना, मासळीच्या कारखान्यातली, ग्वाटेमालाची. ती अडखळत वाचत होती. कोलंबसाला अमेरिका सापडली त्या ओळीशी थांबली. मग तीच ओळ पुन्हा वाचली, न अडखळता. इलिदियोचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

वाचून झाल्यावर ती थेट आमच्याकडे आली.

"सर, आमचं कळलं मला. पण पुढच्या ओळीतल्या त्या पोलंडचं काय झालं होतं?"

त्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"बस इथे," मी म्हटलं. "पोलंड होता मोठा देश. दोन शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला..."

इलिदियोने माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली आणि तीन बोटं वर केली.