भाडेकरू ठरलेला भाऊ

मी एक जुना भुंगेरा आहे. तिळाहून लहान, पिवळट, पाठीत वाकलेला. मित्रांनो, हसू नका. मला उडताही येत नाही. आमच्यात उडायचं काम बहिणींचं. त्या काळ्याभोर, लांबट, माझ्याहून कितीतरी थोराड.

आईने झाडाच्या खोडात बोगदा कोरला आणि त्याच्या भिंतींवर बुरशी लावली. तीच आमची शेती, तेच आमचं जेवण. बहिणी ढीगभर, भाऊ मी एकटा. लाडाला तोटा नव्हता.

मग ते खोड कीटकांच्या संग्रहालयातल्या थोरल्या सरांच्या टेबलावर चिरलं गेलं. भुंगेऱ्यांना नावं देण्यात सरांचा हातखंडा होता. बहिणींच्या जातीला आधीच नाव होतं. मला पाहून मात्र ते हरखले. "हा यांच्यातला नव्हेच! दुसऱ्याच्या घरात घुसलेला भाडेकरू दिसतो."

जन्मलो त्याच घरात मी परका ठरलो. मला कागदाच्या टोकावर चिकटवलं, तो कागद टाचणीत खोवला, टाचणीला जातीच्या पहिल्या नमुन्याची लाल चिठ्ठी लावली आणि नवी जात म्हणून नवंकोरं नाव दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो. बहिणी खालच्या कप्प्यात गेल्या, मी अगदी वरच्या.

पुढे माझ्यासारखा दुसरा कुणाला सापडेना. सापडणार कसा? मी ज्यांचा, त्यांच्यात मला कुणी शोधतच नव्हतं. हळूहळू माझी पेटी उघडणंच बंद झालं. डांबरगोळ्या विरून गेल्या आणि फटीतून एक केसाळ अळी आत शिरली. तीही एका भुंगेऱ्याचंच पिल्लू, म्हणजे लांबची नातेवाईक. पण भुकेपुढे कसलं नातं? शेजाऱ्यांचा तिने भुगा केला. आता माझे दोन पाय गेले आहेत.

आणि याच खोलीत एक संशोधक बाई माझ्या बहिणींवर भिंग धरून बसते. काल तिने माझ्याच कपाटाला डोकं टेकलं.

"काका, नर पाहिल्याशिवाय ही जात कुठल्या गटात बसवायची ते ठरेना. जंग जंग पछाडलं, एक नर मिळत नाही!"

कपाटांची देखभाल करणारे काका म्हणाले, "मिळेल हो ताई. वरची पेटी झाडून घेऊ का? गोळ्या टाकायच्या राहिल्यात."

"राहू द्या. तिथे आपल्या कामाचं काही नाही."

अहो, मी आहे ना! ओरडावं तर तोंड गोंदात. माझ्या पाठीवरच्या टणक पंखांच्या टोकावरचे बारीक दाणे हुबेहूब बहिणींसारखे आहेत. एकदा भिंग धरलं तर बाई ओळखेल.

मित्रांनो, कुणाला नाव दिलंत तर त्याला विसरू नका. अधूनमधून त्याची पेटी उघडत जा. एका जातीला दोन नावं पडली तर जुनं राहतं, नवं खोडतात. माझं नवं आहे. खुशाल खोडा. मला फक्त खालच्या कप्प्यात, बहिणींजवळ ठेवा. पण लवकर या. अळी पंखांपर्यंत आली आहे.