मोकळ्या गाड्या

"रखमाजी, दिवेलागणीला बाजारतळ स्वच्छ दिसला नाही, तर कीर्तन देवळात होईल!" उत्सवाचे कारभारी आनंदराव बजावून गेले आणि रखमाजीनं तळभर नजर फिरवली.

भोरच्या बाजारतळावर वीस वर्षं त्याचा खराटा फिरत होता. वीस वर्षं तो बुवांचं कीर्तनही ऐकत होता. पण देवळाच्या भिंतीबाहेर उभा राहून. त्याच्या जातीला आत मुभा नव्हती. बुवांचा सूर न् सूर ओळखीचा, पण अभंगात रंगलेला त्यांचा चेहरा कधी दिसला नव्हता. यंदा गर्दी मावायची नाही म्हणून कीर्तन बाजारतळावर ठरलं, आणि नेमका आजच कचरागाडीचा कणा मोडला!

मेथीच्या काड्या, सडकी वांगी, पत्रावळी, शेण, उसाची चिपाडं. सूर्य तर कलला.

भोंगवलीचा गेनबा मोकळी बैलगाडी हाकत निघाला होता. रखमाजी आडवाच आला.

"गेनबा, ह्यो पाला घिऊन जावा."

"येडा झालास व्हय? म्या वांगी इकाया आलो, उकिरडा न्ह्यायला न्हाई!"

"अन् वांगी कशावं पिकली? खतावंच न्हवं? हितं लक्षुमी लोळतीया, अन् तुमी मोकळी गाडी हाकताय!"

गेनबाची बायको फुलाबाई गाडीतून टुणकन उतरली. "खरं बोलतंय त्ये. शेजारचा उकिरडा मोठा म्हून रोज मलाच टोमणं मारता. भरा आता!"

हशा पिकला. गेनबाचं बघून दुसरी गाडी थांबली, मग तिसरी. रखमाजीच्या अंगात वारं शिरलं.

"पाला-शेण गाडीत! चिपाडं गुऱ्हाळाच्या चुलाणाला! नारळाच्या शेंड्या दोर वळणाऱ्याला! खापरं बाजूला, बैलांच्या खुरात जातील!"

ओरडून ओरडून घसा बसला. शेवटची गाडी हलली तेव्हा बायकांनी घागरीनं सडा घातला. ओल्या मातीचा वास सुटला, गॅसबत्त्या पेटल्या.

बुवा आले. तळाच्या कडेला थबकले, क्षणभर जमिनीकडे पाहिलं आणि देवळाच्या दारात काढाव्या तशा वहाणा काढल्या. मागोमाग आनंदरावांनी काढल्या. बघता बघता कडेनं वहाणांची रांग लागली.

रखमाजीच्या पायांत काढण्यासारखं काही नव्हतंच. धोतराला हात पुसत तो तसाच आत गेला आणि बुवांच्या समोर मांडी घालून बसला.