दोन चुली, एक बाजार

अनसिंग गावातल्या उकंडरावांच्या घरात पेरणीआधी दुसरी चूल मांडली गेली. धाकटा भाऊ विकास, त्याची बायको साधना आणि तीन मुलं मागच्या दोन खोल्यांत राहायला गेली. पुढच्या घरात उकंडराव, त्यांची बायको तुळसाबाई, मुलगा ऋषिकेश, सून मंजुषा आणि शाळेत जाणारी नात एवढीच माणसं उरली. गोठ्यातली म्हैस विकासच्या वाट्याला गेली, बकऱ्या उकंडरावांच्या. अंगणात भिंत घातली नाही, पण दोघा भावांचं बोलणं बंद झालं.

कारण सोयाबीनचं होतं. भाव चढेल म्हणून उकंडरावांनी माल घरात थांबवून ठेवला आणि भाव उतरला. तेव्हा वाशिमच्या यार्डात, चार माणसांसमोर, विकास म्हणाला होता, "दादा, तुमाले बाजार समजत नाई." विकास चड्डीत फिरायचा तेव्हापासून उकंडराव त्या घराचा बाजार करत आले होते. त्या दिवशी दोघं वेगवेगळ्या जीपने घरी आले.

घरचा आठवडी बाजार ते मन लावून करायचे. आधी रिकाम्या हाताने सगळ्या ओळींतून एक चक्कर मारायची, प्रत्येकाला भाव विचारायचा, मग मागे फिरून घ्यायचं. किराणा फय्याजच्या दुकानातून, आणि तोही थोक: तेलाचा पिपा, तुरीची डाळ नि साखर कट्ट्याने. जास्त घेतलं की किलोमागे स्वस्त पडतं, हे त्यांचं गणित होतं आणि ते खोटं नव्हतं. दहा माणसांच्या घरात त्यातलं काही उरतही नसे. आता माणसं निम्मी झाली, पण पिशव्या तेवढ्याच भरून येत राहिल्या.

डाळीला किडे लागले. बेसन कडू झालं. पिपा अर्ध्यावर असतानाच तेलाला वास यायला लागला. भाजीचं मात्र मंजुषाला नवल वाटायचं. ढीगभर यायची आणि दोन दिवसांत संपायची. विचारलं की तुळसाबाई म्हणायच्या, "सुकून राह्यली होती, बकऱ्यांले टाकली."

ऋषिकेशचं बसस्टँडजवळ मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान होतं. मुलीच्या शाळेच्या गाडीचे पैसे भरायची वेळ आली तेव्हा त्याने खिसा झटकून दाखवला.

"बाबाले बाजाराले देल्ले. आता पुढच्या हप्त्यात पाहू."

"मग त्याहिले सांगा ना, कमी आणा म्हणून."

"मी सांगू? काकानं एकदा सांगितलं. काय झालं ते पाह्यलं ना तू?"

मंजुषाने सासूकडे विषय काढला. तुळसाबाई भाकरी थापत होत्या. "असू दे व माय," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याचा तेवढाच त शौक हाय." आणि त्यांनी तवा उगीचच सरळ केला.

पुढच्या बाजाराला मंजुषा बांगड्या भरायच्या आहेत म्हणून सासऱ्यांसोबत गेली. तिने पाहिलं की उकंडरावांना फार बोलावंच लागत नाही. भाव विचारून होतात, ते भाजीवाल्या बिस्मिल्लाबीसमोर पिशवी उघडून धरतात आणि ती दोन किलोचं माप ठेवून वांगी तोलायला लागते. मेथीच्या जुड्याही ती न विचारता ओंजळीने टाकते. इतक्या वर्षांची सवय दोघांच्याही हातात बसली होती.

बिस्मिल्लाबीने तराजू उचलला तेव्हा मंजुषा म्हणाली, "मामाजी, मले एवढं निवडणं होत नाई. कंबर भरून येते."

उकंडरावांनी तिच्याकडे पाहिलं. कंबरेचं खरं की खोटं, ते त्यांना कळलं असावं. मागे गिऱ्हाइकं दाटली.

"अर्धं कर," ते बिस्मिल्लाबीला म्हणाले.

"काहून भाऊ? पाहुणे गेले काय?"

"पाहुणे नाई. विकास वेगळा निघाला."

हे त्यांनी बाजारात कोणाला सांगितलं नव्हतं. बिस्मिल्लाबीने दोन किलोचं माप काढून एक किलोचं ठेवलं, "अल्ला खैर करे" म्हणाली आणि वांगी कमी केली. मग फय्याजच्या दुकानातही त्यांनी पिप्याऐवजी तेलाच्या थैल्या घेतल्या आणि डाळ सुटी तोलून मागितली.

दोन बाजार असे गेले. भाजी वाया जाईना. मंजुषाने शाळेच्या गाडीचे अर्धे पैसे बाजूला काढले. मात्र किराण्याकडे पाहिलं की तिला समाधान वाटेना. थैलीचं तेल किलोमागे महाग पडत होतं. सुट्या डाळीला फय्याज थोकचा भाव लावत नव्हता, आणि का लावावा, हेही बरोबरच होतं. उकंडराव ओट्यावर बसून म्हणायचे, "चिल्लर घेतलं की चिल्लरच हाती राह्यते."

एके सकाळी ती मुलीला शाळेच्या गाडीत बसवून नेहमीपेक्षा लवकर परतली, तर मागच्या दारात साधना उभी होती. हातात दुधाचा तांब्या, चेहरा उतरलेला. समोर तुळसाबाई.

"बाई, आमचं काही चुकलं काय?" साधना विचारत होती. "दोन हप्ते झाले, भाजी बंद केली तुमी."

मंजुषा दारातच थांबली. ढीगभर भाजी दोन दिवसांत कशी संपायची, ते तिला आता कळलं.

"म्हणजे बकऱ्या ह्या होत्या," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि साधनाचा चेहरा लाल झाला. "आमी फुकट नाई खाल्लं, मंजुषा. वेगळे निघालो तवापासून रोज तांब्याभर दूध येते तुमच्या घरी. भाजी बंद झाली त म्या दूध बंद केलं काय?"

दूध रोज सासूबाई आणायच्या. त्याचे पैसे त्या आपल्या कनवटीतून देतात, असंच मंजुषा समजून होती. तिने मनातल्या मनात तांब्याभर दुधाचा महिना धरला. ते विकत घ्यावं लागलं असतं तर तिची सगळी बचत त्यातच गेली असती, वर आणखी घालावे लागले असते. बकऱ्यांचा शब्द तिला आता परत घ्यावासा वाटत होता.

"काकू, चुकलं माह्यं," ती म्हणाली. "मले हे कोणी सांगितलंच नाई."

"सांगते कशी?" तुळसाबाई म्हणाल्या. "सांगितलं असतं त दोघाही भावांनी बंद करायले लावलं असतं."

तिघी मागच्या पायरीवर बसल्या. साधनाने सांगितलं की विकास रोज संध्याकाळी पावशेर, आतपाव असा किराणा आणतो, आणि महिन्याअखेर हाती काही राहत नाही. त्यांच्याही घरी थैलीचंच तेल होतं.

"मग पिपा काहून आणत नाई?" मंजुषाने विचारलं.

"पाच माणसाले पिपा? वास मारते तो."

"आमचाही मारला."

साधना पहिल्यांदा हसली. मग मंजुषाच म्हणाली, "काकू, चुली राहू द्या दोन. बाजार एक करू. मामाजी आणतील थोकनं, आपण घरी वाटून घेऊ. तुमचे पैसे तुमी द्या, आमचे आमी."

उकंडरावांना हे तुळसाबाईंनी सांगितलं. भाजीची आणि दुधाची गोष्टही सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. विकासने साधनाजवळ एवढंच विचारलं की भाव कोण करणार, आणि दादा करतील म्हटल्यावर त्याने पैसे काढून दिले. बाजाराच्या दिवशी सकाळी साधनाने पैसे तुळसाबाईंच्या हातात ठेवले. उकंडरावांनी ते मोजून आपल्या बंडीत वेगळ्या खिशात घातले आणि नेहमीपेक्षा तासभर आधी घरातून निघाले.

त्या दिवशी त्यांनी बाजाराला दोन चकरा मारल्या, असं नंतर फय्याजने ऋषिकेशला सांगितलं. पिप्याचा भाव पाडून घेताना ते फय्याजशी चांगलंच भांडले. दुपारी सामानाचा ऑटो दारात आला. अंगणात चादर अंथरली, त्यावर भाजीचे दोन ढीग झाले. डाळ आणि साखर मंजुषाने साधनासमोर तोलून वाटली.

तेल राहिलं होतं. पिपा जड, आणि ऋषिकेश दुकानावर. उकंडरावांना तो एकट्याने उचलून वाकवता येईना. मागच्या खोलीच्या दारातून विकास ते बघत होता. थोड्या वेळाने तो आला, दोन्ही हातांनी पिपा उचलला आणि साधनाच्या कॅनवर वाकवला. उकंडरावांनी कॅनच्या तोंडात चाडी, म्हणजे नरसाळं, धरली. तेलाची धार जाड पडायला लागली.

"हळू," उकंडराव म्हणाले. "सांडवशीन."

"नाई सांडत," विकास म्हणाला.

कॅन भरला, तसा विकासने पिपा खाली ठेवला आणि हात पुसत गोठ्याकडे गेला. साधना कॅन घेऊन मागे गेली, मंजुषा पिपा ओढत पुढच्या घरात. संध्याकाळी दोन्ही चुली नेहमीसारख्या वेगवेगळ्या पेटल्या.