काटा खोटा नव्हता

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण कधीतरी माझ्यासारख्याच एखाद्या पारड्यात पडून रडले असतील. मी तान्ह्या बाळांचा वजनकाटा आहे. आता जुना झालो, आणि खरे सांगायचे तर थकलोही आहे.

एका छोट्या कारखान्यात माझी दांडी घडली, तिच्यावर आकडे कोरले गेले आणि खोलगट पारड्याला पांढरा मुलामा चढला. तिथून मी थेट एका दवाखान्यात आलो. लांबट खोली, भिंतीला लागून बाक आणि खिडकीपाशी माझे टेबल. डॉक्टरीणबाई माझ्यावर दुपटे अंथरत, बाळ ठेवत आणि दांडीवरचे वजन बोटाने सरकवत. बाळ हातपाय झाडी, मला ओले करी. मी आपला दांडी स्थिर करण्याच्या खटपटीत. तेवढा वेळ आई श्वास रोखून उभी असे. वजन वाढले म्हटले की तिचा जीव भांड्यात पडे. त्या काळी या खोलीत माझा शब्द शेवटचा होता.

मग बाजारात बाळांच्या दुधाच्या पावडरीचा एक नवा डबा आला. तो स्वस्त होता आणि दुकानदार त्याची तोंड भरून स्तुती करत. ज्या आयांना अंगावरचे दूध पुरत नव्हते, ज्यांना बाळ घरी ठेवून कामावर जावे लागे, त्यांनी तो विश्वासाने घेतला. छापील अक्षरांवर विश्वास न ठेवून त्या करणार तरी काय?

एके दिवशी एका पहारेकऱ्याची बायको आपल्या लेकीला घेऊन आली. सोबत सासू होती, आणि पिशवीत बाटलीशेजारी तो नवा डबा. मुलीचे गाल टम्म फुगले होते, हात मात्र काटकुळे. मी मागच्या खेपेपेक्षा कमी वजन दाखवले. सासूबाई हसल्या.

"अहो बाई, गाल बघा की हिचे. तुमचा काटाच म्हातारा झालाय."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वजन केले. तेच आले. गालांकडे पाहून त्यांनाही शंका आली, पण ती माझीच. त्यांनी मला दुरुस्तीला पाठवून दिले.

कारागिराने मला खोलले, पुसले, खात्रीची वजने ठेवून पाहिली. काही बिघडलेच नव्हते, तर तो बिचारा दुरुस्त काय करणार? पण त्याच्याकडे कामाचा ढीग होता. माझी पाळी येईपर्यंत मी फळीवर धूळ खात पडलो. परत आलो तेव्हा ती मुलगी या जगात नव्हती.

काटा ठीक असल्याचा कारागिराचा निरोप ऐकून डॉक्टरीणबाईंनी त्या मुलीच्या वजनाची नोंद पुन्हा काढून पाहिली. त्यानंतर त्या प्रत्येक आईला बाळ काय पिते, हे खोदून खोदून विचारू लागल्या.

पुढे शिवणकाम करणारी एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. तसेच गाल, तसेच हात. घरात डबाही तोच. डॉक्टरीणबाईंनी तो डबा तिथल्या तिथे बंद करायला लावला, मुलाला मोठ्या इस्पितळात दाखवायला सांगितले आणि डबा बनवणाऱ्या कंपनीला कळवले. काही दिवसांनी कंपनीचा माणूस आला. कडक इस्त्रीचे कपडे, गोड बोलणे. त्याने विजेवर आकडे उजळणारा एक नवाकोरा काटा आणला होता. जुन्या काट्यांमुळे असे गैरसमज होतात, म्हणून ही भेट, असे तो म्हणाला.

शिवणकामवाली त्या दिवशी मुलाला पुन्हा दाखवायला आलीच होती. डॉक्टरीणबाईंनी बाळाला आधी नव्या काट्यावर ठेवले, मग माझ्यावर. दोघांचे उत्तर एकच. कंपनीच्या माणसाने दोन्ही काटे तपासावे लागतील असे सांगितले.

मुलाची आई पुढे झाली. तिने बाळाची बाही वर सरकवून त्याचा दंड त्या माणसासमोर धरला. "काटे किती तपासणार? डबा तपासा की."

डॉक्टरीणबाईंनी तो डबा सरकारी प्रयोगशाळेत पाठवला. त्यात दूध नावापुरते होते. बाकी साखर आणि पीठ. त्या बाळांचे गाल भरले नव्हते, उपासमारीने सुजले होते. इतर गावांतून कंपनीकडे आधीच तक्रारी गेल्या होत्या, हेही मग बाहेर आले. गोदामात पडलेला माल खपेपर्यंत तिथे कुणी तोंड उघडले नव्हते. डबे दुकानांतून उचलले गेले. कंपनीने वर्तमानपत्रात खेद व्यक्त केला. खटला अजून रेंगाळतो आहे.

शिवणकामवालीचा मुलगा वाचला. तो हळूहळू, नखभर नखभर भरत गेला. आता टेबलावर नवा काटा असतो आणि मी कोपऱ्यातल्या कपाटावर.

मागे एकदा पहारेकऱ्याची बायको एकटीच आली. सगळ्यांची गर्दी सरेपर्यंत बाकावर बसून राहिली. मग तिने विचारले, "त्या दिवशी काटा बरोबर होता का?"

"बरोबर होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मीच त्याचं ऐकलं नाही."

तिने मान हलवली. कपाटाशी येऊन माझ्या रिकाम्या पारड्यात तळहात ठेवला. दांडी जराशी वर उचलली गेली. तो आकडा कुणी वाचला नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी डबे भरेल, कुणी विकेल, कुणी सही करून माल बाजारात सोडेल. कुठूनतरी एखादी आई सांगेल, बाळ वाढत नाही. तेव्हा तिला खोटे पाडायला माणूस पाठवू नका. आधी डबा उघडा. पारड्यातल्या बाळाला थांबायला वेळ नसतो.