आठ चुकलेले तास

कॉलेजचा कागद घरी आला तेव्हा आमची मोहीगुल जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानापाशी बसून, शोरब्याचा चमचा हातात तसाच धरून झोपली होती. मरगिलान शहरातल्या आमच्या गल्लीतून वैद्यकीला लागलेली ही पहिली पोर, माझी नात. आणि चमचा धरून घोरते!

कागद मी दोनदा वाचला. चारच इयत्ता झाल्यात माझ्या, पण वाईट बातमी कळायला तेवढ्या पुरतात. शरीरशास्त्राचे आठ तास बुडाले. ते सगळे सरांपुढे बसून, तोंडी उत्तरं देऊन भरून काढायचे. येत्या शनिवारी सकाळी दहाला, हीच शेवटची संधी. नाही भरले तर परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष फुकट.

"ऊठ!" मी चमचा काढून घेतला. "हे काय?"

"माहीत आहे, बुवी." घर काय, गल्ली काय, सगळे मला बुवीच म्हणतात, म्हणजे आजी. "भरून काढीन मी."

"ती नोकरी सोड आधी. औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या विकायला पाठवलंय का तुला कॉलेजात?"

"नोकरी नको म्हणू नका, बुवी. अब्बांनी रशियातून पाठवलेलं फीला पुरत नाही." एवढं बोलून पुन्हा डोळे मिटले की कार्टीने!

मी डोक्याला रुमाल बांधला आणि तडक दुकान गाठलं. मालक शोकिर, कालचं पोर, माझ्या डोळ्यांदेखत मोठं झालेलं. गिऱ्हाइकं उभी होती तरी मी आवाज कमी केला नाही.

"लाज नाही वाटत? माझ्या नातीचं वर्ष घालवतोस? आठ तास बुडवलेस तिचे!"

"मी?" त्याने हातातली पेटी खाली ठेवली. "बुवी, ती माझ्याकडे तीन वाजता येते. कॉलेज सकाळचं ना?"

"मग सकाळी कुठे असते ती?"

रांगेतली एक बाई हसली. म्हणाली, "बुवी, काल सकाळी आमच्या सासूबाईंना सलाईन लावत होती की! तुम्हीच नाही का पाठवलंत?"

मी घरी आले ती सगळी वाट स्वतःशीच तणतणत. सोमवारी गल्लीतल्या तोजिनिसोचा गुडघा. मंगळवारी मुल्लांच्या बायकोची सलाईन, ती संपेपर्यंत दीड तास तिथेच बसायचं. बुधवारी कुणाच्या तरी मावशीला सुई. बायकांच्या बैठकीत कुणी नुसतं कण्हलं की मी म्हणायचे, "आमची डॉक्टर आहे ना, सकाळी पाठवते!" लष्करच्या भाकऱ्या मी कबूल करायच्या आणि पोरीने भाजायच्या. शिवाय माझ्या कमरेचं इंजेक्शन होतंच, दिवसाआड.

मोहीगुल अंगण झाडत होती.

"तोंड नव्हतं तुला? नाही म्हणता आलं नाही?"

"तुम्ही शब्द दिला होता ना, बुवी," ती म्हणाली. "तुमचा शब्द मी कसा मोडणार?"

आता हिला काय म्हणावं? मारावंसं वाटलं. नंतर वाटलं, कुणाला?

शनिवारी सकाळी मी स्वतः फाटकात खुर्ची टाकून बसले. मोहीगुल पांढरा कोट घालून आठलाच कॉलेजच्या गावी, फरगानाला जाणाऱ्या गाडीत बसली. नऊ वाजता, व्हायची तीच गोष्ट झाली. काखेत सलाईनची बाटली घेऊन तोजिनिसो आली. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात माझ्याहून वरच्या जागी बसायला धडपडणारी हीच ती.

"सलाम, बुवी! डॉक्टरीणबाई उठल्या का?"

साठ वर्षं या गल्लीत मी कुणापुढे शब्द फिरवला नव्हता.

"ती डॉक्टर नाहीये," मी म्हटलं.

"काय?"

"शिकतेय अजून. दुसऱ्या वर्षाला आहे. ती बुडालेले तास भरायला गेलीय, आणि यापुढे सकाळची येणार नाही. सरकारी दवाखान्यात जा, तिथे नर्स आहे."

"अगं बाई! इतके दिवस तर डॉक्टर होती. बैठकीत तुम्हीच छाती फुगवून सांगत होतात."

"सांगत होते. खोटं सांगत होते. आता बाटली उचल, उन्हात तापेल ती."

ती गेली. जाताना चार घरांच्या फाटकांत थांबून बोलली, ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. बोलू दे. मी खुर्ची हलवली नाही.

दोनला मोहीगुल आली, कोट चुरगळलेला, चेहरा पिवळा.

"काय झालं? बोल लवकर!"

"आठही भरले. सरांनी सह्या केल्या, परीक्षेला बसता येईल. हाताच्या शिरा विचारल्या, एकही चुकली नाही."

"गल्लीचे हात पाहून पाहून पाठ झाल्या असतील!"

"हो," ती हसली, नान तोडून तोंडात कोंबली आणि निघाली.

"आता कुठे?"

"तीन वाजतील, बुवी. दुकान."

म्हटलं, जा बाई. या पोरीला बसायला सांगणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

सोमवारी माझं कमरेचं इंजेक्शन होतं. सरकारी दवाखान्यात गेले. रांगेत माझ्यापुढे कोण? तोजिनिसो!

"तुम्ही इथे, बुवी? तुमची..."

"कॉलेजात आहे," मी म्हटलं. "पुढे सरक."