एमिलचा संथ तुकडा

मी आता जे सांगणार आहे त्यावर या टेबलावरच्या एकाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर मला तुमची काळजी वाटेल.

असं मी म्हणालो आणि ब्रँडीचा पेला पुढ्यात ओढला. शुक्रवार होता. शुक्रवारी संध्याकाळी आमचं सगळं लिंडन फॉल्स गाव ग्रेबच्या खानावळीत तळलेला मासा खायला जमतं, आणि मासा संपला की माझी गोष्ट सुरू होते. लोकांची इच्छा विचारायची पद्धत नाही. समोर लाइल होता. तरुणपणी आम्ही मैदानावर चालत वाजवणाऱ्या एकाच वाद्यपथकात होतो, तो ड्रमवर आणि मी बिगुलावर. त्याच्या बाजूला डोलोरेस, आणि डोलोरेसनं सोबत आणलेली एक पाहुणी. निळा स्वेटर, पांढरे केस, मिनेसोटाहून आलेली. तिचं नाव मी ऐकलं आणि लगेच विसरलो. ती माशातले काटे काढून ताटाच्या कडेला एका ओळीत लावत होती.

"कुठली गोष्ट?" लाइल म्हणाला. "गाय झाडावर चढली ती, की तू बर्फाखालून पोहत गेलास ती?"

"क्लेमसरांची."

लाइलनं थट्टा सोडून पेला उचलला. हे एरवी होत नाही.

तर क्लेम व्हान्डर्झी. शाळेत संगीत शिकवायचे आणि उन्हाळ्यात आमच्या पथकासाठी संगीत बसवायचे. बसवायचे म्हणजे कापायचे. दुसऱ्या कुणीतरी सभागृहात आरामात बसून ऐकायला लिहिलेलं अर्ध्या तासाचं संगीत घ्यायचं आणि फुटबॉलच्या मैदानावर, चालत चालत, दहा-अकरा मिनिटांत वाजेल असं करायचं. जास्त लांबलं तर स्पर्धेत भरपूर गुण जायचे. मैदानाच्या कडेला घड्याळ आणि पिस्तूल घेऊन एक माणूस उभाच असायचा. वेळ संपली की तो हवेत बार काढायचा, आणि बार झाल्यावर जो सूर वाजेल त्याचे गुण कापले जायचे.

क्लेमसरांची कापायची रीत त्यांची स्वतःची होती. सरावाच्या गोदामात त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. तिच्यावर सगळ्या संगीताची पानं चिमट्यांनी टांगायची. मग दोरीखालून येरझारा घालायच्या, एक पान काढायचं आणि म्हणायचं, "आता वाजवा." आम्ही वाजवायचो. जोड कानाला खुपला की पान परत टांगायचं. नाही खुपला तर पान खोक्यात. आणि त्या खोक्यातली पानं, शपथेवर सांगतो, रात्रभर गुणगुणत राहायची. रखवालदाराचं कुत्रं त्यांच्यात तिसऱ्या पट्टीत सूर मिसळायचं.

"कुत्र्याला पट्टी कळायची?" डोलोरेस म्हणाली.

"त्या वर्षी आमच्या ट्रम्पेटवाल्यांपेक्षा बरी कळायची."

त्या वर्षी सरांनी एमिल हृश्काचं संगीत घ्यायचं ठरवलं. एमिल आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. गावाला शंभर वर्षं झाली तेव्हा त्यानं आपल्या नदीवर एक लांबलचक रचना केली होती. ती एकदाच वाजली, नंतर तो वारला आणि पानं त्याच्या बायकोच्या, अ‍ॅग्नेसबाईंच्या कपाटात गेली. सर ती मागायला गेले तेव्हा पेटारा उचलायला मी सोबत होतो. अ‍ॅग्नेसबाईंनी खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, पुढे ठेवले आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसत बसल्या.

"कापणार ना तुम्ही?" त्या म्हणाल्या.

"कापावंच लागतं, बाई."

"मग कापा. एमिललाही लांबण लावायची खोडच होती. मधला तो पोल्का नाच तर मला कधीच आवडला नाही. पण संथ तुकडा तेवढा राहू द्या."

संथ तुकडा म्हणजे काय ते गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा मुलगा लुडविक मार्च महिन्यात गोठलेल्या नदीवर मासे धरायला गेला होता. बर्फ पातळ झालं होतं. एमिलनं त्याबद्दल तोंडातून एक शब्द काढला नाही. तो तुकडा तेवढा लिहिला.

"तो मी पुरता ऐकलाच नाही," अ‍ॅग्नेसबाई म्हणाल्या. "शंभरीच्या दिवशी तो सुरू झाला आणि मी उठून बाहेर गेले. मला वाटलं, परत कधीतरी ऐकू. आता डॉक्टर म्हणतो, पुढचा उन्हाळा धरून चालू नका."

क्लेमसरांनी टेबलावर हात ठेवला. म्हणाले, "तो तुकडा राहील."

बस, एवढंच. कागद नाही, सही नाही. आमच्याकडे एवढं पुरायचं.

जूनमध्ये सगळं झकास चाललं होतं. तो तुकडा सुरू व्हायचा तेव्हा मी मैदानाच्या पार मागच्या टोकाला असायचो, आणि त्याचे पहिले दोन लांब सूर माझ्या एकट्याच्या बॅरिटोनचे, म्हणजे माझ्या जाड आवाजाच्या बिगुलाचे होते. दोन सूर, आणि मग मागून सगळे हळूहळू आत यायचे, नदीवर धुकं येतं तसे. आम्ही सरावाला उभे राहिलो की शेजारच्या कुरणातल्या गाई कुंपणाला येऊन ओळीत बसायच्या. एका गाईच्या दुधाचं त्या महिन्यात आपोआप लोणी झालं.

"साधं की खारवलेलं?" लाइलनं विचारलं, पण त्यात नेहमीची धार नव्हती.

जुलैत परीक्षकांचे शेरे यायला लागले. संथ तुकड्यात मैदान मरतं. लोक खायला उठतात. गुण घसरत चालले. आमचे व्यवस्थापक हार्लन ग्रेब, म्हणजे याच खानावळीचे तेव्हाचे मालक. त्यांचा नातू गल्ल्यावर आहे म्हणून हळू बोलतो. हार्लन सरावाच्या मैदानावर आले आणि आमच्या सगळ्यांसमोर म्हणाले, "क्लेम, ते रडगाणं काढ."

"दुसरं काहीतरी काढतो, हार्लन."

"दुसरं काय उरलंय?"

खरोखरच फारसं उरलं नव्हतं. सरांनी पोल्का काढला. मग चर्चच्या घंटा काढल्या. मग गिरणीचा प्रसंग, मग गिरणीकडून पुलाकडे नेणारी ओळ. त्या तुकड्याला धक्का लागू नये म्हणून त्याच्या अवतीभवतीचं सगळं छाटत गेले. शेवटी अशी गत झाली की संगीत मोठ्यानं ओरडायचं, दचकायचं, तो तुकडा वाजायचा आणि पुन्हा ओरडायला लागायचं. त्यामुळे तो तुकडा आणखीच लांब वाटायला लागला. सर वाळत चालले होते. त्यांचा पट्टा इतका सैल झाला की उरलेल्या टोकाला त्यांनी शिट्टी बांधली. हे खरं आहे.

"हे खरंय," लाइल म्हणाला.

राज्यस्तराच्या अंतिम फेरीच्या आठवड्यात आम्ही गोदामात गेलो तर सर दोरीखाली उभे होते. सगळ्यांसमोर त्यांनी चिमटे काढले. संथ तुकड्याचं एकेक पान खाली घेतलं. खोक्यात टाकलं नाही, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, "आता वाजवा." वाजवलं. जोड कुठेच खुपला नाही. तेच भयंकर होतं.

संगीत कापणं एकवेळ सोपं. पाय कापता येत नाहीत. त्या तुकड्यावर आम्ही मैदानाच्या कडेपासून मध्यापर्यंत एक मोठं वळण घेत जायचो. आता तुकडाच गेला, तर तेवढं अंतर उरलेल्या चार ओळींत पळत काटायचं. तीन दिवस आम्ही एकमेकांवर आदळत होतो. मेंदू म्हणायचा पळ, पाय म्हणायचे सावकाश. बोटांचंही तेच. तिथं आलं की बोटं आपोआप त्या दोन सुरांवर जायची, आणि मी त्यांना ओढून परत आणायचो.

"आणि बाईंना कुणी सांगितलं?" डोलोरेस म्हणाली.

कुणी सांगायचं? त्यांना तिकिटं आधीच पाठवून झाली होती. सर दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. एकदा बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि हात केला, आणि सरांनीही हात केला आणि पुढे गेले. आम्ही सगळे तर त्या आठवड्यात तो रस्ताच टाळून मागच्या गल्लीनं जात होतो.

तर फेरीचा दिवस. उन्हं कललेली, गच्च भरलेलं मैदान. अ‍ॅग्नेसबाई आलेल्या, ठेवणीतली टोपी घालून.

"कुठे बसल्या होत्या त्या?" निळ्या स्वेटरवाल्या पाहुणीनं विचारलं. संध्याकाळभरात ती पहिल्यांदाच बोलत होती.

"सगळ्यात वरच्या रांगेत," मी म्हणालो. "आभाळाला टोपी लागेल इतक्या वर."

ती पुन्हा काटे लावायला लागली.

आम्ही सुरू केलं. ओरडलो, दचकलो, आणि त्या जागेवर आलो, जिथं आता पळायचं होतं. आणि माझी बोटं ऐकेनात. मी पळालो नाही. माझ्या बॅरिटोननं ते दोन लांब सूर वाजवले. एकट्यानं, भर मैदानात.

आता इथून पुढचं कुणाला पटत नाही. क्षणभर काहीच झालं नाही. मग लाइलचा ड्रम थांबला. मग मागून एक बिगुल आला, मग दुसरा, मग सगळे. जे पळत सुटले होते ते वळले आणि त्या जुन्या वळणावर सावकाश चालायला लागले. अख्खा संथ तुकडा, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. पिस्तूलवाल्यानं हात वर केला, घोडा ओढला, आणि नळीतून एक नाकतोडा उडून गेला, बार नाहीच. त्यानं पिस्तूल खिशात घातलं आणि डोळे पुसले. आमच्यानंतर येणारं पथक कडेला उभं होतं, त्यांनी टोप्या काढल्या. चार मैलांवर नदीतले मासे वर आले. क्लेमसरांनी खिशातली पानं काढून डोक्यावर धरली, आणि पार वर, शेवटच्या रांगेत, अ‍ॅग्नेसबाई एकट्या उभ्या राहिल्या. या खेपेला बाहेर गेल्या नाहीत. उभ्या राहून पुरतं ऐकलं. आम्ही शेवटचे आलो, आणि हार्लन ग्रेबनंसुद्धा...

"खोटं," पाहुणी म्हणाली.

मी हसलो. "बाई, मासे वर आले ते लाइललाच विचारा."

लाइल पेल्यात बघत होता.

"माशांचं नाही म्हणत मी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. "अ‍ॅग्नेस माझी मावशी. मी व्लास्ता. तिला तिथं मीच घेऊन गेले होते. तिला पायऱ्या चढवत नव्हत्या, आम्ही अगदी खालच्या रांगेत बसलो होतो, कठड्याला लागून. दोन सूर वाजले, तेवढं खरं आहे. कुणीतरी पार मागून वाजवले. मावशीनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, 'आलं बघ.' पण मागून कुणीही आलं नाही हो. तुम्ही सगळे पळत होतात. बार झाला, टाळ्या झाल्या, मैदान रिकामं झालं, लोक सामान आवरून निघाले, तरी ती माझं मनगट सोडेना. म्हणत होती, 'बस गं थोडं, अजून एमिलचं यायचंय.'"