उभ्या मीटिंगमधला बाक

मी बाक बोलतोय. बाभळीचा, उदगीरचा. मला उचलायला दोन माणसं लागतात, अन् मी मुद्दाम जड होतो.

शरणप्पांनी मला आपल्या धान्याच्या आडत दुकानासाठी करून घेतलं. म्हातारा माझ्यावर मांडी घालून बसायचा, मूठभर तूर तळहातावर पसरून बघत राहायचा. लोक घाई करायचे. "बघू द्या की," एवढंच म्हणायचा. बघितल्याबिगर त्यानं कधी मान हलवली न्हाई.

तो गेला. नातवानं, अमरनाथनं, मला लातूरच्या हापिसात आणलं. तिथं सॉफ्टवेअर बनवतात. पोरं माझ्यावर डबे खायची, भांडायची, डोकं धरून बसायची. बरं चाललं होतं.

मग खूळ शिरलं. रोज सकाळी उभ्यानं मीटिंग! उभा माणूस थोडक्यात बोलतो म्हणे. कसलं थोडक्यात? अमरनाथ एकटाच तासभर बोलतो, पोरं या पायावरून त्या पायावर. पुढं कोड लिहायला मशीन आलं. पोरांनी सांगायचं, त्यानं लिहायचं. वाचायचं कुणी? वाचायला बसावं लागतं बाबा.

परवा अमरनाथ म्हणाला, "हा बाक भंगारात द्या. बसणारी टीम मागं पडते."

आज भंगारवाला आला, तेव्हा मीटिंग चालू होती. दवाखान्याचं सॉफ्टवेअर दुपारी सुरू करायचं होतं, लेकरांना औषध किती द्यायचं ते सांगणारं.

"तनुजा, झालं ना?" अमरनाथनं विचारलं.

तनुजा सरळ येऊन माझ्यावर बसली. मांडीवर लॅपटॉप.

"न्हाई सर. मशीननं लिहिलंय, मी वाचलं न्हाई. वाचल्याबिगर हो म्हणणार न्हाई."

"टेस्ट पास झाल्यात की!"

"टेस्ट पण त्यानंच लिहिल्यात. ज्यानं पेपर सोडवला, त्यानंच तपासायचा का?"

कुणीतरी फिसकन हसलं. भंगारवाल्यानं माझ्या पायाला हात घातला. "ताई, उठा जरा."

"थांबा चाचा." ती वाचत राहिली. लई वेळ. मग म्हणाली, "सर, हे बघा. वजन टाकायचं राहिलं, तर यानं मोठ्या माणसाचं वजन धरलंय. लेकराला मोठ्याचा डोस जाईल."

अमरनाथनं वाकून बघितलं. तोंड पुसलं. दवाखान्याला फोन लावला, "आज न्हाई," म्हणाला. मग हळूच, "सरक जरा."

अन् बसला. आज्याच्या जागी.

दोघं अजून वाचत बसलेत. भंगारवाला दारात उभाच हाय. ये बाबा, उचल मला. पण आधी या दोघांना उठव. उठत्यात का बघ.